गाडीवरचा स्टिकर कधी काढलात?

2009 साली टेक्ससमध्ये आम्ही पहिली गाडी घेतली. जुनीच, लाल कोरोला. मागच्या बंपरवर डाव्या कोपऱ्यात 2004 च्या निवडणुकीत हरलेल्या केरी-एडवर्ड्स जोडीचा निळा स्टिकर होता. विकणाऱ्या बाईंनी तो ओरबाडून अर्ध्यावर सोडला होता. केरी गेला होता, एडवर्ड्स राहिला होता. एका शनिवारी लांब वायर जोडून हेअर ड्रायर गॅरेजबाहेर आणला, स्टिकर गरम केला आणि जुन्या क्रेडिट कार्डाच्या कडेने खरवडत बसलो. उरलेला गोंद खोबरेल तेलाने निघाला (डोकं बायकोचं). पुसून बघतो तर काय, सगळा बंपर उन्हाने गुलाबीसर झालेला आणि स्टिकरखालचा चौकोन मात्र कोरा करकरीत लाल. पुढची नऊ वर्षं तो चौकोन मिरवत हिंडलो.

तेव्हापासून सिग्नलला थांबलं की पुढच्याचा बंपर वाचायची खोड लागली आहे. मी स्वतः एकही लावलेला नाही, नागरिक झाल्यावरसुद्धा. पण बघून बघून एक मत झालंय: ऑक्टोबरात लावलेल्या स्टिकरवरून फारसं काही कळत नाही, तेव्हा सगळ्यांच्याच अंगात आलेलं असतं. खरी गंमत जानेवारीत नवा अध्यक्ष बसल्यानंतर. हरलेल्याचा स्टिकर कोण ठेवतं, जिंकलेल्याचा कोण गुपचूप काढतं?

म्हणून विचारतोय. लावला होतात का, आणि मुख्य म्हणजे काढलात कधी? मत कोणाला दिलं ते सांगायची गरज नाही. ट्रम्प-बायडन कुस्ती इथे नको, ती प्रत्येकाच्या फॅमिली ग्रुपवर चालू आहेच.

*

काढायचा प्रश्नच आला नाही, मला लावूच दिला नाही. 2019, एच-1बी वर होतो. हौसेने एका उमेदवाराच्या अधिकृत दुकानातून स्टिकर मागवायला गेलो, तर पैसे भरायच्या पानावर एक चौकट: मी अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, अशी खूण करा. स्टिकरला कसलं नागरिकत्व? मग वाचल्यावर कळलं, प्रचाराच्या दुकानातून काहीही घेतलं की ते पैसे कायद्याने त्या उमेदवाराला दिलेली देणगी धरतात, आणि व्हिसावरच्या माणसाने देणगी द्यायची नाही. असा घाम फुटला की टॅब बंद करून ब्राउझरची हिस्टरीपण पुसली.

नंतर ऑफिसातल्या एकाने त्याच्याकडचा जास्तीचा दिला. तो फ्रिजवर लावलाय. दूध काढताना निष्ठा दिसते.

*

मी तुमच्यात बहुधा सगळ्यात म्हातारा. 1971 च्या सप्टेंबरात बॉस्टनला शिकायला आलो. पुढच्याच वर्षी निवडणूक झाली आणि निक्सन 49 राज्यं जिंकले. त्यांच्यासमोरचे उमेदवार मॅकगव्हर्न यांच्या पदरात फक्त मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन डी.सी. बॉस्टनमध्ये तेव्हा सुतक होतं. मग वॉटरगेट बाहेर आलं (निक्सनच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या ऑफिसात केलेली घुसखोरी), आणि बघता बघता गाड्यांवर एकच स्टिकर: 'मला दोष देऊ नका, मी मॅसॅच्युसेट्सचा आहे.'

आता गंमत बघा. आमच्या राज्यातही 45 टक्के मतं निक्सननाच पडली होती. पण 1974 च्या उन्हाळ्यात ते 45 टक्के लोक शोधून सापडत नव्हते! मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो त्या घरमालकांनी 1972 ला निक्सनचा बिल्ला कोटाला लावलेला मी स्वतः पाहिला होता. निक्सननी राजीनामा दिला त्या आठवड्यात त्यांच्या शेव्हरोलेवर 'मला दोष देऊ नका'. मी काही बोललो नाही. भाडं थकलेलं होतं.

मलाही एक स्टिकर कोणीतरी दिला होता. लावला नाही. मला मतच नव्हतं, दोष कोण देणार?

*

काका, घरमालक भारी!

माझा अनुभव शेजाऱ्याचा आहे. आम्ही पिट्सबर्गच्या पूर्वेला राहतो. शेजारी वायरमन, युनियनचा कट्टर माणूस. त्याच्या पिकअपच्या मागे 2008 चा ओबामाचा स्टिकर, तो उगवत्या सूर्याचा गोल. त्याला लागून युनियनचा स्टिकर. 2016 च्या सप्टेंबरात एक दिवस बघते तर त्या दोघांच्या बाजूला ट्रम्प. बरं, ओबामावर चिकटवला नव्हता, बाजूला जागा करून व्यवस्थित सरळ रेषेत लावला होता. मला वाटलं मुलाने चावटपणा केला असेल.

बुधवारी रात्री आम्ही दोघं कचऱ्याचे डबे रस्त्याकडेला लावत होतो, तेव्हा न राहवून विचारलं. तो डब्याचं झाकण धरून उभा राहिला. म्हणाला, "त्याला मी दोनदा मत दिलंय, ते का लपवू? हिलरीला मी कधी शब्द दिला नव्हता."

मला हे उत्तर अजून पचलेलं नाही. मी तोवर समजत होते की स्टिकर म्हणजे पक्ष. त्याच्या लेखी तो माणसाला दिलेला शब्द होता, आणि शब्द पाळून झाला की पुढचा माणूस. पक्ष बदलला असं त्याला वाटतच नव्हतं! 2016 ला आमचं पेनसिल्व्हेनिया 44 हजारांच्या आसपास मतांनी ट्रम्पकडे गेलं, 2020 ला 80 हजारांनी परत आलं, 2024 ला पुन्हा तिकडे. यात असे किती वायरमन असतील?

पिकअप उन्हातच असायची. ओबामाच्या गोलातले लाल पट्टे आधी उडाले, निळं कडं राहिलं. ट्रम्पचाही लाल उडून फिकट गुलाबी झाला. 2023 ला त्याने नवी पिकअप घेतली. तिच्यावर फक्त युनियनचा स्टिकर. म्हटलं, बाकीचे? तर म्हणे नवी गाडी खराब करायची नाही. मग युनियनच्या स्टिकरने ती खराब होत नाही का? हे मात्र विचारलं नाही.

*

आमच्याकडे दोन गाड्या, दोन पक्ष. ड्राइव्हवेत शेजारी शेजारी उभ्या असतात. एवढंच लिहितो, ही पण इथे वाचते.

*

चुंबकवाला घ्या म्हणजे काढता येतो, असा सल्ला मला मिळाला होता. सल्ला देणाऱ्याला सांगा, हल्ली बंपर प्लास्टिकचे असतात. म्हणून ट्रकच्या मागच्या फळीवर लावायला गेलो, तर फोर्ड एफ-150 ची बॉडी 2015 पासून ॲल्युमिनियमची. तिथेही चिकटेना. लोकशाहीने प्रयत्न केला, धातूने साथ दिली नाही.

*

मी ओहायोत निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते. पहाटे साडेपाचला हजर, दारापासून 100 फुटांवर दोन छोटे झेंडे रोवायचे, त्यांच्या आत प्रचाराचं काही चालत नाही. एका पोराला टी-शर्ट उलटा करून ये म्हणून परत पाठवलं होतं, तर त्याने तिथेच पार्किंगमध्ये उघडा होऊन उलटा केला. नोव्हेंबरात! कुडकुडत आला बिचारा.

पण मला सांगायचंय ते प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या आधीच्या मतदानाचं. आमच्याकडे आधीपासून पक्ष नोंदवावा लागत नाही. प्रायमरीच्या दिवशी टेबलावर येऊन सांगायचं, या पक्षाची मतपत्रिका द्या. कोणती मागितली ते नोंदीत राहतं, मत कोणाला दिलं ते अर्थातच नाही. तर आमच्या भागात एक गृहस्थ आहेत, त्यांच्या व्हॅनच्या मागच्या काचेतून बाहेरचं दिसत असेल का शंका यावी इतके स्टिकर, सगळे एकाच पक्षाचे. ते टेबलाशी आले, वाकले, आणि हळू आवाजात दुसऱ्या पक्षाची मतपत्रिका मागितली. मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवला. तरी जाताना स्वतःहून म्हणाले, आमच्याकडचा कोणी इथे निवडून येत नाही, निदान त्यांच्यातला बरा तरी निवडतो.

खरं आहे. आमच्या काउंटीत नोव्हेंबरची निवडणूक नावापुरतीच, निकाल त्यांच्या प्रायमरीतच लागतो. व्हॅन एक सांगते, नोंद दुसरं सांगते, आणि माणूस अजिबात खोटा नाही.

*

माझा स्टिकर पक्षाचा नव्हता, पण राहवत नाही म्हणून लिहितोय. सप्टेंबर 2001, ॲरिझोना, 9/11 नुकतंच झालेलं. 15 तारखेला मेसामध्ये बलबीरसिंग सोढींना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या. पगडी होती म्हणून. दुसऱ्या दिवशी मी अमेरिकेच्या झेंड्याचे दोन स्टिकर आणले, एक बंपरला, एक मागच्या काचेला, खालच्या कोपऱ्यात. ना पगडी ना दाढी, तरी आणले. माझ्या ओळखीच्या प्रत्येक देशी माणसाच्या गाडीवर त्या महिन्यात झेंडा आला होता.

ती निष्ठा होती का? भीती होती. पण 2008 ला नागरिकत्वाची शपथ घेऊन परत येताना काचेवरचा तोच झेंडा आरशात दिसला आणि काढावासा वाटला नाही. हे काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. गाडी विकली तेव्हा स्टिकरसकट विकली.

*

बे एरिया. आमच्याकडे 2025 मध्ये उलटंच झालं, अख्खी गाडीच स्टिकर झाली. टेस्ला 2021 ला घेतली तेव्हा ती पर्यावरणवाल्यांची गाडी होती. मग टेस्लावाला इलॉन मस्क ट्रम्पच्या बाजूला गेला. आता निम्म्या टेस्लांवर 'इलॉन वेडा आहे हे कळायच्या आधी घेतली' या अर्थाचे स्टिकर. नवऱ्याने पण आणला. चार दिवस टेबलावर पडून होता. मग म्हणाला, लावला तर इकडचा कोणी ओरखडा काढणार नाही, पण तिकडचा काढेल. ड्रॉवरमध्ये आहे.

*

इथे कोणी मानसशास्त्रवाले असतील तर माहीत असेल. कोलोराडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा 2008 चा एक अभ्यास आहे. गाडीवर जितके जास्त स्टिकर, तितका चालक रस्त्यावर भांडकुदळ, आणि स्टिकरवर लिहिलंय काय याने काहीही फरक पडत नाही. तेव्हापासून मी 'कोएक्झिस्ट' (सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदा) वाल्यापासूनही दोन गाड्यांचं अंतर ठेवतो.

*

बायको व्हर्जिनियात फेडरल नोकरीत. 1939 चा हॅच ॲक्ट त्यांना नोकरीच्या वेळेत प्रचार करू देत नाही, कोटावर बिल्लासुद्धा चालत नाही. पण स्वतःच्या गाडीवर स्टिकर लावून ती ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी केलेली चालते. तरी तिच्या मजल्यावरच्या एकाही गाडीवर काही नाही. कायद्याची हरकत नाही हो, पण बॉसची गाडी शेजारीच लागते.

*

सगळे वाचतोय, वायरमन डोक्यातून जात नाही. काका, तुम्हाला मिळालेल्या त्या स्टिकरचं काय झालं?

*

आहे अजून. विद्यापीठाच्या कागदांच्या पेटीत. काल तुम्ही विचारलंत म्हणून खाली तळघरात जाऊन काढला. मागचा कागद पिवळा पडलाय, गोंद वाळून पापडी झालाय. मुलगी म्हणते, बाबा, टेप मारून लावू या का आता? पण आम्हाला कनेक्टिकटमध्ये येऊन एकतीस वर्षं झाली. मॅसॅच्युसेट्सचा आहे असं खोटं कसं लावू?