माऊथ ऑर्गनच्या बुलेट माईकला वायरलेस कसं करायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

गिटारवाले, साऊंडवाले कोणी असाल तर जरा डोकं लावा. मी हौशी माऊथ ऑर्गनवाला, डोंबिवलीकर, पन्नाशी ओलांडलेला. दोन ठिकाणी वाजवतो. एक आमचा जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, तिथे क्रोमॅटिक (बाजूचं बटण दाबून सगळे सूर देणारा माऊथ ऑर्गन) आणि फर्माईश ठरलेली, तो ‘शोले’तल्या कंदिलाच्या सीनमधला भानू गुप्तांचा तुकडा होऊन जाऊदे (दर वेळी होतोच). दुसरा ऑफिसातल्या पोरांबरोबरचा ब्लूजचा ग्रुप, तिथे डायटोनिक (एकाच पट्टीचा छोटा माऊथ ऑर्गन), आणि सगळी भानगड तिथलीच आहे.

ब्लूजसाठी माझ्याकडे शुअरचा ग्रीन बुलेट आहे, 520डीएक्स. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, हा गाण्याचा माईक नव्हे, मुठीत मावेल असा गोल डबा आहे, तो आणि माऊथ ऑर्गन दोन्ही ओंजळीत गच्च बंद करून वाजवायचं आणि वायर सरळ गिटारच्या अँपमध्ये. ओंजळीत हवा कोंडली की आवाज जाड होतो, व्हॉल्व्हचा अँप असला तर फाटतो, आणि तो फाटलेला आवाजच हवा असतो. शिकागोच्या लिटल वॉल्टर या माऊथ ऑर्गनवाल्याने 1950च्या आसपास या आवाजाचं वेड लावलं ते अजून उतरलं नाहीये. त्यामुळे "काका मिक्सरमध्ये द्या ना, क्लीन येईल" हे ऐकून मी थकलोय. क्लीन नकोच आहे रे बाबा.

आता वायर का घालवायची, तर मागच्या गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर कीबोर्डवाल्याची खुर्ची माझ्या वायरीवर आली, मी सोलोच्या जोशात पुढे गेलो, माईक ओंजळीतून सुटला आणि मॉनिटरवर (स्टेजवरच्या, आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरवर) असा आपटला की अँपमधून आलेला आवाज ऐकून मागचे लोक फटाका समजले. माईक वाचला, पोचा पडलाय.

मग दोन प्रयोग केले. ऑर्केस्ट्राच्या साऊंडवाल्याचा हातातला कॉर्डलेस घेऊन बघितला, शुअर एसएम 58 टाइपचा, गाण्याचा नेहमीचा. ओंजळ बंद केली रे केली की शिट्टी. शिवाय तो दांडा एवढा लांब आणि जड की माऊथ ऑर्गन धरायचा की तो सांभाळायचा. दुसरं, बँडमधल्या पोराचा गिटारचा डाँगल (वायरीऐवजी गिटारला खोचायचा छोटा वायरलेस ट्रान्समीटर), बॉसचा डब्ल्यूएल-20. तो तर लागलाच नाही, कारण 520डीएक्सची वायर माईकलाच कायमची जोडलेली असते, जवळजवळ वीस फूट, टोकाला गिटारची मोठी पिन, आणि डाँगललाही तीच पिन, म्हणजे दोघेही नवरदेव. आणि जोडलं समजा, तरी वायरलेस करून वीस फूट वायर कमरेला गुंडाळायची?

तर डाँगल घेऊ की कमरेला लावायचा वायरलेस पॅक? अँपपर्यंत आवाज तसाच पोचेल का, की मधेच बारीक होईल? भाच्याने अमेरिकेहून एक जुना अॅस्टॅटिक जेटी-30 माईक पण आणून दिलाय, क्रिस्टलवाला, तो चालेल का? बजेट वीस-पंचवीस हजार. घरी अजून आकडा सांगितलेला नाही.

---

प्रतिसाद 1

ब्लूटूथ माईक घ्या ना, हजार दीड हजारात मिळतो.

---

प्रतिसाद 2 (धागाकर्ता)

धन्यवाद, पण ब्लूटूथला आवाज उशिरा येतो हो, मी फुंकणार आत्ता आणि सूर येणार ड्रमरचा ठोका पडून गेल्यावर.

---

प्रतिसाद 3

मी साऊंडचं काम करतो. दादा, 58ची शिट्टी का वाजली ते आधी सांगतो. तो माईक फक्त समोरचं पकडतो ते जाळीखालच्या फटींमुळे, तुम्ही हाताने त्या बंद केल्या की तो चारी बाजूंचं पकडायला लागतो, मॉनिटरचं सुद्धा. माईकची चूक नाही.

आता मुद्द्याचं. तुमचा बुलेट हाय इंपिडन्स आहे, म्हणजे पुढच्या इनपुटचा इंपिडन्सही (ओहममध्ये मोजतात) मोठा लागतो, नाहीतर आवाज पडतो, जेटी-30 तर त्याहून जास्त. वायर काढली की माईकला अँप दिसतच नाही, दिसतो तो ट्रान्समीटर (डाँगल किंवा पॅक), त्यामुळे बघायचं ते ट्रान्समीटरचं इनपुट. गिटारसाठीच्या इनपुटला तो साधारण एक मेगओहम असतो, ते चालेल. कॉलर माईकसाठीचा पॅक उचलून आणलात तर क्रिस्टलचा सगळा खर्ज उडेल, ट्रान्झिस्टरसारखा आवाज येईल. शिवाय त्या पॅकमधून कॉलर माईकसाठी व्होल्टेज बाहेर येतं, म्हणून पॅक घेतलात तर त्याच कंपनीची गिटार केबल लावा, वायरिंग वेगळं असतं.

जेटी-30 मात्र जपून. क्रिस्टल म्हणजे रोशेल सॉल्ट, एक प्रकारचं मीठच ते, दमट हवा आणि उकाडा दोन्ही त्याला मारक. डोंबिवलीच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवा, आणि उन्हात गाडीत विसरू नका.

---

प्रतिसाद 4

मी गिटारवाला, डब्ल्यूएल-20च वापरतो. उशिराची काळजी सोडा, 2.3 मिलीसेकंद आहे, म्हणजे अँपपासून पाऊण मीटर लांब उभं राहिल्यासारखं. पण एक वाक्य लक्षात ठेवा, ओंजळ बंद केलेला बुलेट गिटारपेक्षा खूप जोरात बोलतो. तो आधी डाँगललाच फाडेल, आणि ते फाटणं व्हॉल्व्हसारखं गोड नसतं, कचकच असते. 520डीएक्सला आवाजाचं बटण आहे ना, ते खाली ठेवा आणि उरलेला जोर अँपवर काढा. पॅक घेतलात तर त्याचं गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते) सगळ्यात खाली ठेवून सुरुवात करा.

हा डाँगल 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो, तिथे वायफाय, हॉटस्पॉट सगळेच असतात. रिसीव्हर अँपच्या मागे लपवू नका, समोर दिसेल असा ठेवा, आणि ट्रान्समीटर मागच्या खिशात नको, अंगातून सिग्नल नीट जात नाही. आणि हो, वायर गेली म्हणून स्पीकरसमोर फिरायला जाऊ नका, शिट्टी वायरलेसलाही वाजते.

पिनचं म्हणाल तर फीमेल-फीमेल जॉइंटर मिळतो, किरकोळ किमतीत.

---

प्रतिसाद 5 (धागाकर्ता)

काय सुंदर उत्तरं दिलीत दोघांनी, साष्टांग. काल जॉइंटर लावून पोराचाच डाँगल पुन्हा वापरून बघितला, वीस फूट वायर खरंच कमरेला बांधून. बायको म्हणाली विहिरीत उतरताय का. पण आवाज आला! बटण निम्म्यावर ठेवलं, कचकच गेली, थेट वायरीने आणि डाँगलने, दोन्ही मोबाईलवर रेकॉर्ड केलं, मला तरी फरक सांगता येईना. ऑर्केस्ट्राला क्रोमॅटिक आधीसारखं स्टँडच्या माईकवरच वाजवेन, तिथे कुठे धावायचंय.

म्हणजे डाँगल ठरला. आता फक्त ती वायर कापून दोन फुटाची करायची आणि टोकाला नवी पिन लावायची आहे. माझा हात सोल्डरिंगला थरथरतो. ठाणे-डोंबिवलीकडे हे काम नीट करून देणारं कोणी माहितीये का? आणि कापलेली अठरा फूट फेकू नका म्हणावं, ती मी परत आणणार.