स्पेशल एज्युकेटर व्हायचंय, पण टिकेन का?

पोहेजलेबी:
नमस्कार मंडळी, मी इंदूरची, बीकॉम झालंय, तीन वर्षं अकाउंट्समध्ये काढली. मागच्या वर्षी चुलत बहिणीच्या मुलाला (ऑटिझम आहे) त्याच्या शाळेत न्यायला-आणायला जायचे, तिथल्या बाकावर बसून बसूनच डोक्यात बसलं की हेच करायचं, अशा मुलांना शिकवायचं. बाबा म्हणतात दोन वर्षांत कंटाळशील. एक कॉलेजवाला म्हणतो साधं बीएड पण चालतं. खरंच चालतं का? आणि तुम्ही लोक टिकता कसे?

रामबागची बाई:
त्या कॉलेजवाल्याला आधी राम राम ठोक. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यता असलेलंच स्पेशल बीएड कर, २ वर्षांचं असतं. १९९२ चा कायदा आहे, त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव लागून सीआरआर (म्हणजे त्या रजिस्टरचा) नंबर मिळाला की मगच तू स्पेशल एज्युकेटर.
टिकण्याचं सांगते. माझ्याकडे ११ वर्षांचा मुलगा होता, शर्टाची बटणं लावता यायची नाहीत. आम्ही उलटं शिकवतो, म्हणजे बटण काजातून अर्धं मी घालायचं आणि त्याने फक्त ओढून घ्यायचं, ते जमलं की एक पायरी मागे. दिवाळीनंतर सुरू केलं, रंगपंचमीची गेर (मिरवणूक) निघाली त्या आठवड्यात पहिलं बटण अख्खं त्याने लावलं. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, घरी आजी लावून देत होती, जूनमध्ये बघते तर सगळं साफ! बाथरूममध्ये जाऊन रडले अगं. पण रोजच्या नोंदींची वही काढून बघितलं तर दुसऱ्यांदा तेच यायला तीनच आठवडे लागले. वही नसती ना, तर मला वाटलं असतं आपण काहीच करत नाही. मोटिव्हेशन वगैरे मला कळत नाही, वही कळते.

दादा_ग्वाल्हेरवाले:
पगाराचं कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. मी सरकारीत, कॉन्ट्रॅक्टवर. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक स्पेशल शिक्षक आणि त्यापुढे १५ मागे एक. माझ्याकडे शाळाच इतक्या आहेत की एका मुलाची गाठ आठवड्यातून एकदा पडते, बाकी वेळ फॉर्म भरा, सर्टिफिकेटसाठी फेऱ्या मारा. मुलांमुळे कोणी सोडून जात नाही हो, यामुळे जातात. घरी पैशाची ओढाताण असेल तर आधी नीट हिशोब कर, अकाउंट्सवाली आहेसच.

मनूची आई:
मी शिक्षिका नाही, आई आहे. मनूच्या तीन वर्षांत चार टीचर बदलल्या. एक तर शुक्रवारी होती आणि सोमवारी नव्हती, मनू पंधरा दिवस दारात उभी राहून तिची पिवळी ओढणी शोधायची, बोलता येत नाही ना तिला. तू सोडलंस तरी आम्ही काही म्हणणार नाही, पण निदान महिनाभर आधी मुलांना कळेल असं सांगून जा.

पोहेजलेबी:
मनूची आई, हे वाचून गप्पच झाले. फॉर्म भरायच्या आधी महिनाभर त्याच शाळेत मदतीला जाऊन बघते, विचारते मॅडमना. रामबागच्या ताई, त्या वहीच्या एका पानाचा फोटो टाकाल का?

रामबागची बाई:
फोटो नाही, त्यात मुलांची नावं आहेत. तारीख, काय केलं, किती वेळा हात धरावा लागला. बस, इतकंच लिहिते. आणि घरच्यांनी काय केलं तेही, आजीसकट.