घरच्या कुत्र्यांची शी: खड्डा, संडास की कचरागाडी? (नागपूरजवळचं बेसा, घरात विहीर आहे)

प्रश्न: बेसा_लेआउट

30 × 50 फुटांचा प्लॉट, मागच्या कोपऱ्यात विहीर (पाणी भांड्यांना आणि झाडांना), गटार लाइन अजून आली नाही, सेप्टिक टँक आणि त्याला शोषखड्डा. एक लॅब्रॅडॉर आणि एक देशी, दोघांची मिळून रोज अर्धा-पाऊण किलो शी. आतापर्यंत लिंबूच्या झाडाखाली खुरपीने पुरून राहिलो. पावसाळा तोंडावर आहे. काळी माती चिकट झाली की खणता येत नाही आणि पुरलेलंही वर येतं.

बूड कापलेली बादली जमिनीत पुरून त्यात सेप्टिक टँकची पावडर टाकतात, तो प्रकार आपल्या मातीत चालतो का? की सरळ ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये टाकावी?

गिट्टी_मुरूम

चालतो, पण जसाच्या तसा नाही. तो खड्डा म्हणजे छोटा सेप्टिक टँकच. जिवाणू शी पातळ करतात आणि ते पाणी मातीत मुरतं. काळी माती पावसात फुगते, भेगा मिटतात, पाण्याला वाट राहत नाही. मग बादली काठोकाठ भरते आणि झाकण उघडलं की काळं पाणी आणि अळ्या. म्हणून काळा थर ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं.

20 लिटरची रंगाची रिकामी बादली घ्या. बूड करवतीने कापा, बाजूंना बोट जाईल एवढी वीसेक छिद्रं पाडा. खड्डा बादलीपेक्षा चहूबाजूंनी अर्धा फूट मोठा ठेवा, तळाला फूटभर 20 मिमीची गिट्टी घाला आणि बाजूची फटसुद्धा गिट्टीनेच भरा. तिथे माती भरली की छिद्रं बुजतात. बादलीचा काठ जमिनीच्या चार बोटं वर हवा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार, नाहीतर अख्ख्या अंगणाचं पाणी आत येतं. झाकण घट्ट बसणारं. रोज शीसोबत दोन-तीन लिटर पाणी ओता, पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाने. मे महिन्यात पाणी चुकलं की आतला माल वाळून दगड होतो. फिनाईल, ॲसिड, चुना यातलं काहीच आत नको, जिवाणू मरतात आणि शी तशीच साचत राहते.

बादली पुरण्याआधी चाचणी घ्या. खड्डा पाण्याने भरून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा वीतभर पाणी ओता. तासाभरात इंचभरही उतरलं नाही तर ती जागा सोडून द्या. ही चाचणी दोन-चार पाऊस पडून गेल्यावरच घ्यावी. मे महिन्यात भेगांतून पाणी धडाधड जातं आणि फसगत होते.

मागची_विहीर

रीत बरोबर आहे भाऊ, पण यांच्या घरात विहीर आहे. काळी माती पाणी धरून ठेवते, मुरूम ते सोडतो, आणि खालच्या भेगांमधून ते विहिरीकडे जाऊ शकतं. असा खड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर, म्हणजे 50 फूट लांब हवा. 30 × 50 च्या प्लॉटचा कर्णच 58 फूट. त्यात शेजाऱ्याची विहीर किंवा बोअर धरली तर जागाच उरत नाही. वर पावसाळ्यात विहिरीतलं पाणी चढतं. ऑगस्टमध्ये दोरी सोडून मोजा: खड्ड्याचा तळ आणि पाणी यांत चार-पाच फूट कोरडी जमीन नसेल तर तुम्ही शी जवळपास विहिरीतच टाकताय. आहे तो शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे, तेही त्याच दिवशी टेपने मोजून घ्या.

तुमच्या घराला खड्डा नको. संडासात टाका. दोन कुत्र्यांची शी म्हणजे टँकवर एक-दोन माणसांचा भार वाढला असं धरा. बरोबर बांधलेला टँक तो पेलतो. गाळ दोन-तीन वर्षांनी उपसायचाच असतो, तो पुढे ढकलू नका. संडासाच्या भांड्यात फक्त शी जाऊ द्या. पिशवी नको, ‘विरघळणारी’ लिहिलेलीसुद्धा नको, कारण ती ट्रॅपच्या वाकणात अडकते. खडे, गवत, केसांचे गुंते आधी काढा, केस टँकमध्ये कुजत नाहीत. एकदम न टाकता दोनदा टाका, प्रत्येक वेळी अर्धी बादली पाणी जोरात.

अंगण पाइपने धुऊन नालीत सोडणं मात्र बंद करा. नालीतलं पाणी बरंचसं शुद्ध न होताच पुढे जातं. नागपूर शहरात ते नाग किंवा पिवळी नदीत जातं आणि तिथून कन्हान नदीला.

जंतनाशक

लिंबाखालच्या जागेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून. कुत्र्याच्या गोल कृमीची अंडी ताज्या शीत असतात तेव्हा बाधत नाहीत. मातीत दोन-चार आठवडे राहिली की बाधायला लागतात आणि मग काही वर्षं जिवंत राहतात. अंकुशकृमीचं उलट, ओल्या उबदार मातीत आठवडाभरात अळी तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते. म्हणजे जुलैतलं अंगण. रोजच्या रोज उचललं तर या दोन्ही साखळ्या तुटतात. आठवड्यातून एकदा ‘सफाई’ करून त्या तुटत नाहीत.

त्या जागेवर मेथी-कोथिंबीर लावू नका, लहान मुलांना खेळू देऊ नका. झाडावरचं लिंबू चालेल, खाली पडलेलं धुऊन वापरा. उन्हाने वरची माती तापते, पण वीतभर खालची अंडी तशीच राहतात. जागा हवी असेल तर वर चार इंच मुरूम टाकून फरशा बसवा. हात साबणाने धुवा, सॅनिटायझरने ही अंडी मरत नाहीत. मोठ्या कुत्र्यांना साधारण दर तीन महिन्यांनी जंताची गोळी, वजनाप्रमाणे, पशुवैद्याला विचारूनच.

भुसा_आणि_शेण

स्वयंपाकघराच्या कंपोस्टमध्ये अजिबात नको. घरातला माठ किंवा ड्रम पुरेसा तापत नाही. अलास्कात फेअरबँक्सला गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शीचं कंपोस्ट करतात: दोन भाग शी, एक भाग लाकडाचा भुसा, ढीग आतून 60 अंशांच्या वर. तिथे कुत्र्यांचे कळप असतात, ढीग भरतो, म्हणून तापतो. दोन कुत्र्यांच्या शीला ते जमत नाही. बाहेर 45 अंश आहे म्हणून ढीग तापेल, असंही होत नाही. तो नुसता वाळतो. लांब मळ्यावर जागा आणि पाच-सात कुत्री असतील तर आरामशीनवरचा भुसा आणून करा, आणि ते खत फक्त फुलझाडांना. कूलरमधून काढलेलं गवत भुशाऐवजी घेऊ नका, त्यावर क्षारांचा थर असतो.

बेसा_लेआउट

मनापासून धन्यवाद. खड्ड्याचा नाद सोडला, संडासच. दोन शंका उरल्या. शी सैल असेल तेव्हा? आणि बाहेर फिरवताना उचललेली कुठे टाकू, कचरागाडीत?

मागची_विहीर

सैल असेल तर आधी वर मूठभर भुसा किंवा राख, पाच मिनिटांनी सुपडीने उचला. ओल्या फरशीवर घासलं की पसरते. भुसा-राखेसकट उचललेलं संडासात नको, कागदात गुंडाळून कचऱ्यात. पिल्लाला पार्वोची (विषाणूमुळे होणाऱ्या जीवघेण्या जुलाबाची) शंका असेल तर जागा साफ करून, एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. ते पाणी झाडाखाली ओतू नका.

बाहेर वर्तमानपत्राचा चौकोन घेऊन जा. शी घरी आणून संडासात, कागद वेगळा. ते शक्य नसेल तर दोन कागदांत घट्ट गुंडाळून, डायपर-पॅडसारखं वेगळं बांधून, वर लाल पेनाने ठळक खूण करून गाडीत द्या आणि देताना तोंडी सांगा. ओल्या कचऱ्यात टाकली तर ती खतात जाते, आणि ते वेगळं करणारा माणूस अनेकदा उघड्या हाताने करतो.