मदत हवी आहे: रिकव्हरीवाल्यांनी हार्ड डिस्क उघडून तशीच परत दिली

एक्स्टर्नल हार्ड डिस्क टकटक आवाज करायला लागली म्हणून डेटा रिकव्हरीला दिली. आधी म्हणाले, डेटा निघाला तरच पैसे. मग हेड (डेटा वाचणारा भाग) बदलायचं म्हणून आगाऊ रक्कम घेतली आणि शेवटी ‘प्लॅटरवर (आतल्या डेटा साठवणाऱ्या चकतीवर) ओरखडे आहेत’ म्हणून हात झटकले. परत आलेल्या डिस्कचं सील फाटलेलं, एक स्क्रू गायब! धूळ नसलेल्या क्लीन रूममध्ये उघडली की साध्या टेबलावर, देव जाणे. हेड आणि प्लॅटरमध्ये अंतर जेमतेम काही नॅनोमीटरचं, तिथे धुळीचा कणही पुरतो. तेव्हापासून डिस्क चालू केलेली नाही.

एकदा उघडलेली डिस्क दुसरे कोणी घेतात का? काढलेले मूळ हेड मागून घ्यावेत का? आणि ओरखड्यांचा फोटो मागितला की टाळाटाळ करतात, हे सगळीकडे असंच असतं का?