मदत हवी आहे: हेडलाइटमध्ये पाणी साचतंय, उघडून सील करू की युनिटच बदलू?

नमस्कार मंडळी,

गाडी चिपळूणला उघड्यावरच उभी असते. पावसाळा लागल्यापासून दोन्ही हेडलाइटना आतून वाफ धरते. उजवीकडची दिवे लावून थोडं अंतर गेलं की आपसूक जाते, तिचं काही नाही. डावीकडे मात्र थेंब ओघळतात आणि इंडिकेटरच्या कोपऱ्यात बोटभर पाणी साचतं. कुंभार्ली घाटात रात्री धुकं असलं की डावा झोत नुसता पसरतो, रस्त्याची कडच दिसत नाही.

आधीच्या मालकाने हॅलोजन काढून एलईडी बसवलेत. डावीकडच्या रबरी झाकणाला वायरसाठी कापलंय, वर टेप गुंडाळलीय.

सर्व्हिस सेंटर म्हणतं, अख्खं युनिट बदला. गॅरेजवाला म्हणतो, खालून बारीक भोक पाडतो. भोकाला मन धजत नाही, चिखल त्याच वाटेने आत येणार. काच काढून पुन्हा कुणी चिकटवलीय का? सिलिका जेलच्या पुड्यांनी काही होतं का?

प्रतिसाद:
भोक अजिबात नको. हेडलाइट मुळात हवाबंद नसतो, मागे ब्रीदर, म्हणजे हवा खेळायला ठेवलेली बारीक वाट, असते. ती चिखलाने चोंदली की आतली वाफ अडकते. पण बोटभर पाणी म्हणजे थेट गळती, आणि पहिला संशय त्या टेपवरच. नवं झाकण स्वस्तात मिळतं, आधी ते बदला. तरी पाणी आलंच तर युनिट उतरवून सुकवा, सांध्याला साबणाचं पाणी लावा आणि ब्रीदरमधून हलकी फुंकर मारा. बुडबुडे येतील तिथे सील सुटलंय.

परत चिकटवताना ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टीच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्याची वाफ रिफ्लेक्टरचा मुलामा खाते. शिवाय 'काच' प्लास्टिकची असते, हीटगन एका जागी धरलीत तर वाकडी होईल.

आणखी एक. ५५-६० वॅटचा हॅलोजन काच तापवून वाफ घालवतो. एलईडीची उष्णता मागे पंख्याकडे जाते, म्हणून वाफ रेंगाळते. सिलिका जेल थोडी वाफ शोषेल, साचलेल्या पाण्यापुढे त्याचं काही चालत नाही. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरचं ऐका.

धागाकर्ता:
आभार. रिफ्लेक्टर अजून चकचकीत आहे. झाकण उद्याच बघतो. ब्यूटाइलची पट्टी चिपळूण किंवा कराडला कुठल्या दुकानात मिळेल, काचवाल्यांकडे की रंगवाल्यांकडे?