भाड्याच्या गाडीने कोकण किनारा, मुरूड ते मालवण जमेल का?

सागरवाट: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन ५ दिवस सेल्फ ड्राइव्ह गाडी काढायचीय, हायवे नको, किनाऱ्याकिनाऱ्यानेच जायचंय, जंजिरा आणि सिंधुदुर्ग तर हवेतच. खाड्या कशा ओलांडायच्या?

जुनाभटक्या: जमतं की! गाडीसकट फेरीबोट आहे ना. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड असं खाली उतरत जा, वळसे वाचतात आणि खाडीचा वारा खाताना प्रवासाचा शीण जातो. फक्त शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

हर्णेकर: ५ दिवसांत सगळं कोंबू नका हो, आई-बाबा आहेत. आमच्या हर्णैला संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव बघा, समोर सुवर्णदुर्ग, मग आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. हेदवीचा दशभुज गणेश अजिबात चुकवू नका.

काळीपाटी: गाडी छोटीच घ्या, गावातले रस्ते एकदम अरुंद. ताब्यात घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, माझे डिपॉझिटचे पैसे जुन्या ओरखड्यासाठी कापले होते. नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी आहेत ना तेही बघा, सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची तीच खूण.

सागरवाट: मग विजयदुर्ग पुढच्या खेपेला. खूप आभार सगळ्यांचे!