डिग्री झाली, आता ओव्हरड्राफ्टवर व्याज, बँक बदलू का?

इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. स्टुडंट अकाउंटला ओव्हरड्राफ्ट (खात्यात आहेत त्यापेक्षा जास्त पैसे काढायची सोय) बिनव्याजी होता म्हणून बिनधास्त वापरला, आता १,२०० पौंड मायनस आणि काल पत्र आलं की सप्टेंबरपासून ३९.९ टक्के लागणार 😭 दुसऱ्या बँकेत पळू का?

> पळण्याआधी ह्याच बँकेत ग्रॅज्युएट अकाउंट (डिग्री झालेल्यांचं खातं) माग ना, बिनव्याजी लिमिट दरवर्षी कमी होत जातं पण श्वास घ्यायला वेळ मिळतो.

> स्विच सर्व्हिसने (खातं दुसऱ्या बँकेत हलवायची सोय) ७ वर्किंग डेजमध्ये होतं, डायरेक्ट डेबिटं (खात्यातून परस्पर कापली जाणारी बिलं) पण आपोआप नव्या खात्यात जातात. फक्त नवी बँक किती ओव्हरड्राफ्ट देतेय ते आधी विचार, मला ५०० च दिला, उरलेलं जुन्या बँकेचं मायनस पगारातून फेडत बसलो.

> अरे बापरे, आधी विचारतो मग. आईला सांगू नका 😅